माशांच्या टाकीतील शेवाळ आणि पाणवनस्पती

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिन्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागातल्या अनेक घरांत काचेची एक टाकी बाहेरच्या खोलीतून उचलून गच्चीवर किंवा परड्यात नेऊन ठेवली जाते. सुट्टीत मुलांच्या हट्टापायी आणलेले मासे तोवर मेलेले असतात, आणि घरातली मोठी माणसे ‘मासे आपल्याला लाभत नाहीत’ असे म्हणून विषय मिटवतात. लाभण्या-न लाभण्याचा येथे काही संबंध नसून त्या टाकीत जिवंत वनस्पती नव्हत्या, हे बहुतेक वेळा त्यामागचे साधे कारण असते, आणि तेवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी मराठी माध्यमाच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवले असले, तरी नातवासाठी आणलेली माझी पहिली टाकी नऊ दिवसांत रिकामी झाली होती. त्यामुळे हे शहाणपण मला नुकसान सोसूनच आले आहे, हे आधी कबूल करतो.

ती टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच होती, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे 56 लिटर पाण्याची. दुकानदाराने त्याच संध्याकाळी टाकी, निळे-तांबडे खडे, प्लास्टिकची गुलाबी झाडे आणि सहा गोल्डफिश एकत्र दिले, आणि मीही विज्ञानाचा शिक्षक असून काही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी पाणी ताकाच्या निवळीसारखे धुरकट झाले आणि मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागले. पाचव्या दिवशी मी सगळे पाणी ओतून टाकले, खडे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून इतका स्वच्छ पिळला की सौभाग्यवतींनीही कौतुक केले, आणि नव्या पाण्यात उरलेले चार मासे सोडले. नवव्या दिवशी सकाळी शेवटचा मासा आडवा तरंगत होता. ‘टाकीत खरी झाडे लावली असती तर काही फरक पडला असता का?’ असे दुकानात जाऊन विचारले, तेव्हा ‘नको सर, झाडे लावली की शेवाळ धरते, टाकी घाण होते’ असे उत्तर मिळाले. दुकानाचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण ही समजूत घरोघरी आहे आणि मीही तीच बाळगून होतो.

मासा आपल्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात टाकत असतो, आणि न खाल्लेले अन्न कुजले की त्यात आणखी भर पडते. वाहत्या ओढ्यात हा अमोनिया वाहून जातो. 56 लिटरच्या डब्यात तो साठतो. पाण्यातले काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. यांपैकी अमोनिया कल्ले जाळतो, नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो, तर नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य असतो. अडचण अशी की हे जिवाणू नव्या टाकीत आयते नसतात. ते खड्यांवर, काचेवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजावर हळूहळू वस्ती करतात आणि ती वस्ती पुरेशी होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे पहिल्या दिवशी सहा मासे सोडणे ही एक चूक, आणि नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने स्पंज धुऊन जी काही थोडीफार वस्ती झाली असेल तीही मारून टाकणे ही दुसरी. दुसरीचे श्रेय सर्वस्वी माझे आहे.

जिवंत वनस्पतींचे महत्त्व नेमके या पहिल्या महिन्यात कळते. बहुतेक पाणवनस्पती नत्र घेताना नायट्रेटपेक्षा अमोनियाच्या रूपातले नत्र आधी उचलतात, म्हणजे जो पदार्थ माशाला विष आहे तोच त्यांचे अन्न होतो, आणि तेही जिवाणूंची वाट न पाहता, लावल्याच्या दिवसापासून. हे काही नवे ज्ञान नाही. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 साली तिथल्या केमिकल सोसायटीपुढे आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त मांडला होता. त्यांनी एका भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली, मग तिची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले म्हणून तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या, आणि त्या कुजकी पाने खाऊ लागल्यावर पाणी पुन्हा स्वच्छ झाले. विजेचा पंप, फिल्टर यांतले काही तेव्हा नव्हते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले ते त्यानंतर, 1853 मध्ये. गंमत अशी की ज्या वनस्पतीने हा सगळा उद्योग सुरू झाला ती व्हॅलिसनेरिया आपल्याकडच्या तलावांतही सुखाने वाढते, आणि आपण मात्र तिच्या आकाराच्या प्लास्टिकच्या पट्ट्या पैसे देऊन आणतो.

झाडांमुळे शेवाळ धरते, या समजुतीचे मूळ मला आपल्या भाषेतच दिसते. पाठ्यपुस्तकात आपण ‘शैवाल’ शिकवतो, पण बोलताना विहिरीच्या पायरीवरचा हिरवा बुळबुळीत थर, डोणीतले हिरवे पाणी आणि तलावात वाढणारी हायड्रिला या तिन्हींना ‘शेवाळ’ हा एकच शब्द वापरतो. हायड्रिला ही मूळ, खोड आणि पाने असलेली, फुले येणारी वनस्पती आहे. काचेवरचा थर यांतले काहीही नसलेल्या सूक्ष्म शैवालांचा असतो. दोघांची भूक मात्र एकाच ताटातली, प्रकाशाची आणि नत्रयुक्त पाण्याची आहे, आणि म्हणून टाकीत जोमाने वाढणारी झाडे भरपूर असतील तर शैवालाच्या वाट्याला फारसे उरत नाही. टाकी हिरवी पडते ती झाडे असल्यामुळे पडत नाही. झाडे कमी, मासे जास्त आणि प्रकाश अमाप असल्यामुळे पडते.

ज्यांनी मराठी शाळेत विज्ञान शिकले त्यांना हायड्रिलाचा प्रयोग आठवत असेल. चंचुपात्रात पाणी घेऊन त्यात हायड्रिलाच्या ताज्या काड्या ठेवायच्या, त्यांवर नसराळे उपडे घालायचे, नसराळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी उलटी बसवायची आणि सारे उन्हात नेऊन ठेवायचे. थोड्याच वेळात काड्यांच्या कापलेल्या टोकांपासून मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे वर चढू लागतात. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर ती सर आणखी दाट होते, आणि चंचुपात्र सावलीत सरकवले की विरळ होते. नळीत जमलेल्या वायूत धुमसती काडी धरली की ती भपकन पेट घेते. दरवर्षी त्या क्षणी वर्गातून जो ‘आऽ’ असा आवाज उठे तो माझ्या कानांत अजून आहे. हा ऑक्सिजन देणारा प्रयोग मी वर्षानुवर्षे टेबलावर दाखवला आणि घरच्या टाकीत प्लास्टिक लावले, याची मला आजही शरम वाटते.

प्रकाशाविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या चुका होतात. एक तर टाकी थेट खिडकीत ठेवली जाते, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात आठवडाभरात पाणी मेथीच्या रसासारखे होते; नाहीतर ती जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाते आणि झाडे पिवळी पडतात. थेट ऊन न येणारी जागा घ्यावी आणि वर साधा पांढरा एलईडी दिवा रोज सहा ते आठ तास लावावा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ सतत भरलेले असते, तेव्हा खिडकीच्या उजेडावर विसंबून चालत नाही. रात्री मात्र दिवा बंदच हवा. अंधारात झाडेही ऑक्सिजन घेतात, म्हणून मासे थोडे जास्त असतील तर रात्री एअर पंप चालू ठेवणे बरे.

आता मातीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत आपला भाग श्रीमंत आहे. झाडांसाठी परदेशी काळ्या गोळ्यांची तयार माती पिशव्यांतून विकत मिळते, आणि ती चांगली असते याबद्दल वाद नाही. पण खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची तांबडी जांभ्याची माती पायाखाली असताना साध्या टाकीसाठी तिची गरज नाही. या मातीचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडांचा आहे. पाण्याखाली वाळूच्या थराआड, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे या लोहाचा काही अंश विरघळणाऱ्या रूपात बदलतो आणि मुळांना मिळतो. लोह कमी पडले की नवी पाने पांढुरकी येतात, तो त्रास अशा टाकीत सहसा दिसत नाही. जांभ्याला इंग्रजीत लॅटेराइट म्हणतात, आणि हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी 1807 साली लॅटिनमधल्या ‘वीट’ या अर्थाच्या शब्दावरून दिले. विटा-कौलांसाठी आणि कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या खानापूरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

मी जी पद्धत वापरली ती अशी आहे. शेताच्या कडेची, खत किंवा तणनाशक न पडलेली तांबडी माती आणून गव्हाच्या चाळणीने चाळली, बादलीत भिजत घालून आठ-दहा दिवस रोज वरचे पाणी व तरंगणारा काडीकचरा ओतून टाकला, आणि तिचा जेमतेम एक इंचाचा थर टाकीच्या तळाशी पसरला. त्यावर धुतलेल्या जाड वाळूचा दीड-दोन इंचांचा थर दिला. बशी उपडी ठेवून तिच्यावर धार धरत पाणी भरले म्हणजे माती उधळत नाही. शेणखत किंवा गांडूळखत मिसळण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरावा, कारण त्यातून सुटणारा अमोनिया झाडांनाही एका वेळी पेलत नाही.

पाण्याच्या बाबतीत बेळगाव शहर आणि आसपासची गावे यांत फरक पडतो. राकसकोप जलाशयातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात साबणाला चांगला फेस येतो, म्हणजे ते मृदू आहे, आणि त्यात बहुतेक सगळ्या पाणवनस्पती चालतात. मात्र त्यातला क्लोरीन जाण्यासाठी ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे किंवा हायपोचे दोन-चार खडे विरघळवावेत. (हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना ते माहीत आहे.) बोअरवेलचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते, आणि तिथे अमोनियाचा धोका वाढतो: सामू (पीएच) सात असताना 25 अंश तापमानाच्या पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर सामू आठ झाला की तोच सुमारे पाच टक्के होतो. सुदैवाने व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला या दोघी जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कर्ब मिळवू शकतात. बोअरच्या पाण्यातल्या हायड्रिलाच्या पानांवर चुन्याचा पांढुरका लेप दिसतो तो त्याचाच, त्याला रोग समजून झाड फेकू नये.

नव्या माणसाने व्हॅलिसनेरियापासूनच सुरुवात करावी. ती जमिनीलगत धावती खोडे सोडून आपोआप पसरते, आणि तिचे मादी फूल लांब, स्प्रिंगसारख्या देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येते, तर नर फुले तळाशी सुटून तरंगत वर जातात. हे एकदा घरात पाहायला मिळाले की मुलांना परागीभवन पाठ करावे लागत नाही. सेराटोफायलमला मुळेच नसतात, ती नुसती पाण्यात सोडली तरी वाढते. अनुबियास आणि जावा फर्न यांचे आडवे जाड खोड मात्र वाळूत पुरू नये, दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधावे, पुरले की ते कुजते. गोल्डफिश मऊ पाने कुरतडून फस्त करतात, त्यांच्याबरोबर चामड्यासारख्या पानांच्या याच दोन वनस्पती टिकतात. बाकीच्यांनी गप्पी किंवा मोली ठेवावेत. क्रिप्टोकोरायन लावल्यावर आठवडाभरात तिची पाने विरघळल्यासारखी होतात आणि लोक ती उपटून फेकतात. ते करू नये. मुळे जिवंत असतात आणि तीन-चार आठवड्यांत नवी पाने फुटतात. रोपवाटिकेतून येणाऱ्या अनेक वनस्पती हवेत वाढवलेल्या असल्यामुळे पाण्याखाली गेल्यावर त्यांचीही जुनी पाने गळतात. या सगळ्यांना कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची गरज नाही.

झाडे लावल्यावर दोन आठवडे टाकीत एकही मासा सोडू नये, मग दोन-तीन लहान मासे, आणि महिन्याभराने आणखी. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, आणि स्पंज धुवायचा तो त्या काढलेल्या पाण्यातच. नातवाला सर्वांत अवघड गेली ती दोन आठवड्यांची रिकामी टाकी. ‘आजोबा, यात मासे कुठे आहेत?’ असे तो पाहुण्यांसमोर विचारी. माझी ही दुसरी टाकी आता चौथा पावसाळा पाहते आहे, आणि तिच्यातल्या गप्पींची पिल्ले व्हॅलिसनेरियाच्या दाटीत लपून मोठी होतात.

हे लिहीत असताना एका गोष्टीची मला भीती वाटते, ती स्पष्टच सांगतो. हे वाचून कोणी उत्साहाने आंबोली, चोर्ला किंवा कणकुंबीच्या ओढ्यांकडे झाडे उपटायला निघू नये. क्रिप्टोकोरायनच्या काही जाती या पश्चिम घाटातल्याच आहेत, आणि सड्यांवरच्या पावसाळी डबक्यांत येणाऱ्या वायतुरा या पाणवनस्पतीच्या काही जाती तर अगदी थोड्या ठिकाणीच उरल्या आहेत. ज्या हिरण्यकेशीचे पाणी संकेश्वरला आपल्या जिल्ह्यात येते, तिच्या उगमाजवळ आंबोलीत सापडलेल्या ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ या माशाचे शास्त्रीय वर्णन 2020 साली झाले आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. इतक्या लहान पाण्यात काय काय असते ते यावरून लक्षात यावे. रोपवाटिकेतली पाच काडी व्हॅलिसनेरिया सहा महिन्यांत टाकी भरते, ओढ्यात हात घालण्याचे कारण नाही.

उलट दिशेचा धोका याहून मोठा आहे. टाकी मोडताना झाडे आणि मासे जवळच्या नाल्यात, विहिरीत किंवा किल्ला तलावात ‘सोडून देणे’ हे आपल्याला पुण्याचे काम वाटते. बळ्ळारी नाल्यातली जलपर्णी शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारातल्या शेतकऱ्यांना काय त्रास देते हे आपल्या वाचकांना सांगायला नको; ती दक्षिण अमेरिकेतली वनस्पती जांभळ्या फुलांच्या शोभेसाठीच देशोदेशी नेली गेली होती. आपली हायड्रिलाही 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मत्स्यालयांच्या व्यापारातून अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोहोचली आणि तिथे तिने कालवे तुंबवले. दुकानांत ‘टँक क्लीनर’ म्हणून मिळणारा बोटभर सकर मासा फूटभराहून मोठा होतो, टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला नदीत सोडतात, आणि तो तिथे जाळी फाडतो. छाटलेली झाडे उन्हात कडक वाळवून नारळाच्या किंवा जास्वंदीच्या आळ्यात घालावीत, आणि नकोसे मासे दुकानदाराला परत द्यावेत. दुकानदार मंडळींनीही ते परत घेण्याची तयारी दाखवावी, आणि टाकी विकताना मासे महिन्याभराने न्यायला सांगावेत. गिऱ्हाईक एकदा मेलेले मासे टाकून कायमचे जाण्यापेक्षा वर्षानुवर्षे खाद्य न्यायला येत राहिले तर त्यांचाही फायदाच आहे.

जुलैत शाळांमध्ये प्रकाशसंश्लेषणाचा धडा लागतो आणि शिक्षक हायड्रिलासाठी तलावावर मुले पाठवतात. ऐन पावसात, बुळबुळीत काठावर, हे धोक्याचे आहे. माझ्या गच्चीवरच्या सिमेंटच्या कुंडीत हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया भरपूर वाढली आहे. ज्या शाळेला हवी असेल त्या शाळेने आपल्या कार्यालयातून माझा पत्ता घ्यावा, त्यास माझी हरकत नाही. येताना झाकणाचा डबा आणावा, बाकी काही नको.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
शहापूर, बेळगाव